मारबतीला दिलेली बाई

नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, दर रविवारी सकाळी एक बाई रस्त्यावर येऊन उभी राहते. प्रत्येक गेटसमोर थांबून हाक मारते. आतून कोणीतरी पांढरी कटोरी घेऊन येतं, तिच्यासमोर धरतं. ती चष्मा वर सरकवून कटोरीतलं पाणी बघते, मान हलवते आणि पुढच्या गेटकडे जाते. नवीन भाडेकरूंना वाटतं, महापालिकेची बाई असेल. परवा एकीने मला चक्कीवर विचारलं, "या काकूंना तुम्ही लोक घरात घेत नाही का हो?" मी तिचे गहू तोलत होते. म्हटलं, बाई, आम्ही घेतो, तीच येत नाही. का येत नाही ते सांगायला बसले तर तुझं पीठ दळून गार होईल, तरी माझं संपणार नाही.

मी शोभा. कोपऱ्यावरची आटाचक्की माझी. माझ्या तोंडाला लगाम नाही असं लोक म्हणतात, आणि या बाबतीत लोकांचं काही चुकत नाही. रस्त्यावर उभी राहणारी ती बाई म्हणजे गोपिका, माझी शेजारीण.

गोपिका आणि तिचा नवरा रुपराव रामटेककडच्या खेड्यातले. धानाच्या शेतीतला आपला हिस्सा भावाला देऊन ते इथे आले, तेव्हा आमच्या घरांच्या चहूबाजूंनी तुरीची वावरं होती. रुपराव शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. गोपिका साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. एकुलती एक मुलगी, दामिनी. आईसारखीच हडकुळी, पण आईच्या दसपट बोलकी. कॉलेजला जाताना स्कूटीवर मागे मैत्रिणीला, करिष्माला, बसवायची आणि दोघी चक्कीवरून जाताना "शोभाकाकू, पिठाचं भूत!" असं ओरडून पळायच्या. मी मागून शिव्या घालायची. त्या शिव्या आजही माझ्या तोंडात तशाच पडून आहेत.

एका पावसाळ्यात दामिनीला ताप आला. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, ताप उतरला, आणि उतरला म्हणून घरातले निर्धास्त झाले. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं सांभाळायचं असतं, हे आज आमच्या लेआउटमधलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा कोणाला माहीत होतं? दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. रुपराव प्लेटलेटसाठी शहरभर पळाला. पिशवी घेऊन तो जिना चढत होता आणि वरून गोपिकाच्या रडण्याचा आवाज आला. तो तिथेच पायरीवर बसला.

तेरवी झाली, मग महापालिकेचा माणूस आला. घरोघरी कूलर उघडून बघत गेला. आता नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल काय सांगायचं. चार महिने तो कूलर आपल्याला जगवतो, आणि मृगाचा शिडकावा झाला की आपण त्याचं बटण बंद करतो आणि त्याला विसरतो. टाकीत पाणी तसंच. वरून पाऊस भर घालतो. खिडकीत उंचावर बसवलेला, खाली कोण काढणार? दिवाळीच्या साफसफाईला बघू म्हणतो. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरच्या कूलरमध्ये अळ्या निघाल्या. माझ्याही. गोपिका त्या माणसाच्या मागे मागे फिरत होती. त्याने एक अळी पांढऱ्या कटोरीत घेऊन दाखवली, तर ती वाकून बघतच राहिली.

"एवढुसे?" ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी ती स्वतःची पांढरी कटोरी आणि एक लांब पाइप घेऊन निघाली. पाइपचं एक टोक टाकीत, दुसरं नालीत, तोंडाने ओढून पाणी सोडायची. कूलर, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरचे टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे. कोणाच्या कूलरचा मच्छर दामिनीला चावला होता? मच्छर काही आधार कार्ड घेऊन फिरत नाही. मी एकदा तिला विचारलंच. म्हटलं, "तुले कोणावर शक हाय का वं?"

"शक कशाचा?" ती म्हणाली. "कोणाचाबी असंन. म्हणून तं सगळ्यायचे पाहून राहिली."

पहिलं वर्ष लोकांनी दारं उघडली. दयेने उघडली, हे मीही जाणून होते आणि तीही. त्या वर्षी आमच्या लेआउटमध्ये एकाही घरात डेंग्यू झाला नाही. पलीकडच्या लेआउटमध्ये झाला, मनीषनगरात झाला, आमच्याकडे नाही. पण जे झालं नाही त्याचे आभार कोण मानतं? दुसऱ्या वर्षी दया आटली. रविवारी सकाळी झोपायचं सोडून गेट कोण उघडणार, अशी कुरकुर सुरू झाली. "कूलरवाली आली" म्हणून लोक पडदे ओढायला लागले. आणि गोपिकाची एक सवय मात्र खरंच वाईट होती. अळ्या सापडल्या की ती भांडायची नाही, रागवायची नाही. कटोरी त्या घराच्या पायरीवर ठेवून बाजूला उभी राहायची. घरातला माणूस बाहेर येऊन बघेपर्यंत हलायची नाही. शिव्या परवडल्या, पण ते तसं मुकाट्याने उभं राहणं लोकांच्या फार जिव्हारी लागायचं.

ते लागलं कौसल्याच्या घरी. कौसल्या म्हणजे करिष्माची आई. त्या रविवारी करिष्माला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, सगळं छान चाललं होतं. गोपिका आपली बाजूच्या फाटकातून शिरली, बैठकीच्या खिडकीचा कूलर बघितला आणि अळ्यांची कटोरी नेहमीसारखी पायरीवर ठेवली. पाहुण्यांच्या चपलांशेजारी. मुलाची आई चपला घालायला वाकली आणि तिने विचारलं, "हे काय आहे?" गोपिकाने तिलाही सांगितलं, अगदी प्रेमाने, की हे डेंग्यूचे किडे आहेत आणि याच घरच्या कूलरमधले आहेत.

ते स्थळ पुढे गेलं नाही. कटोरीमुळे गेलं नाही की आणखी कशामुळे, देव जाणे. पण कौसल्या माझ्या चक्कीवर येऊन ढसाढसा रडली. करिष्माचा भाऊ मोहित रागाने नुसता धुमसत होता. मी गोपिकाला झापलं. "पाहुणे दिसले नाही का वं तुले? अक्कल काय घरी ठेवून आलती?"

"दिसले," ती म्हणाली. "पण मच्छर थांबते का वं पाहुणे जावाची वाट पाहत?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. दामिनी गेल्यापासून तिला समोरच्या घरात फक्त पाणी दिसायचं.

पोळ्याच्या आधी ती लेआउटच्या पोरांकडे गेली. मोहित त्यांचा म्होरक्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात गावची पीडा बाहेर नेणाऱ्या मारबत देवीची आणि बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती बघून बघून आमची पोरंही दरवर्षी बांबू-तणसाचा एक बडग्या करतात. कधी महागाईचा, कधी रस्त्यातल्या खड्ड्यांचा. वाजत गाजत लेआउटबाहेरच्या मैदानात नेतात आणि जाळतात. लोक मागून ओरडतात, अमकं घेऊन जा गे मारबत, तमकं घेऊन जा गे मारबत. गोपिका म्हणाली, "यंदा डेंग्यूचा बडग्या करा नं गा." मोहितने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "करतो नं काकू. मच्छरचाच करतो." तिला केवढा आनंद झाला. घरी येऊन मला म्हणाली, "पाह्य, पोट्ट्यायले समजलं."

बडग्याला घालायला पोरं घरोघरी जुने कपडे मागतात. पोरं गोपिकाकडे आली तेव्हा मी तिच्या व्हरांड्यात बसले होते. गोपिका आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात निळी ओढणी होती, पांढऱ्या ठिपक्यांची. मी ती लगेच ओळखली. दामिनीला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या अंगावर होती. एका टोकाला रक्ताचा डाग होता, धुवून तपकिरी झालेला.

"हे काहून देऊन राहिली वं?" मी तिचा हात धरला.

"आमच्या गावी बिमार माणसाचं एक कापड मारबतीले देत," ती म्हणाली. "मंग बिमारी गावात राहत नाही. घरात ठेवून तरी काय करू? हिच्यासंगं जाऊ दे सगळ्यायची पीडा. पण एकडाव देल्लं का देल्लं, परत नाही घ्याचं." तिने ओढणी पोरांच्या हातात दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पोरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ती झोळीत कोंबली आणि पुढच्या घरी गेली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी लहान लेकरं लाकडी बैल ओढत हिंडत होती. ताशे वाजायला लागले तशी गोपिका धुतलेलं पातळ नेसून, कुंकू लावून गेटपाशी आली. मी चक्की बंद करून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. बडग्या वळणावरून आला. आधी मलाही कळलं नाही. मग दिसला तो पुठ्ठ्याचा मोठा चष्मा. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात पांढरी कटोरी. गळ्यात पाटी, 'कूलरवाली बाई'. आणि डोक्यावरून पदरासारखी घेतलेली दामिनीची निळी ओढणी.

लोक हसत होते. वाईट लोक नव्हते ते, रोज माझ्याकडे दळण आणणारेच होते. कोणीतरी ओरडलं, "इतवारची कटकट घेऊन जा गे मारबत!" आणि सगळी गल्ली ओरडली, "घेऊन जा गे मारबत!" मला वाटलं, पुढे होऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावी. गोपिका मात्र हलली नाही. बडग्या पुढे गेला आणि ती त्याच्यामागे चालायला लागली. मी तिच्यासोबत. तिला बघून हसणं हळूहळू विरलं, ताशे मात्र वाजतच राहिले. वाजवणाऱ्यांना मागचं काय दिसणार.

मैदानात मोहितने काडी लावली. तणस वाळलेलं, भपकन पेटलं. तेवढ्यात करिष्मा गर्दीतून पुढे आली आणि किंचाळली, "दादा, थांब! दामिनीची ओढणी हाय ते!"

मोहित झेपावला. त्याने जळत्या बडग्यात हात घातला. ओढणीचं एक टोक त्याच्या हातात आलंही होतं. गोपिकाने जाऊन त्याचं मनगट धरलं.

"नको काढू," ती म्हणाली. "मारबतीले देल्लेलं परत घेत नाही."

ओढणी जळेपर्यंत ती तिथे उभी होती. मग वळली आणि एकटीच घरी गेली. मी हाक मारली तरी तिने मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या रविवारी ती निघाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोकांना आधी बरं वाटलं, मग ओशाळल्यासारखं झालं, मग सवय झाली. कूलर पावसात भरत राहिले. मी तिच्याकडे जाऊन तणतणले. "पोट्ट्यायच्या मूर्खपणावर तू घरात बसून राहिली का वं? चल, मी येतो संगं."

तिने शांतपणे माझ्याकडे बघितलं. "शोभा, मी रुसली नाही वं," ती म्हणाली. "त्यायनं मले नेऊन सोडलं. सगळ्या लोकायनं तोंडानं म्हटलं, हिले घेऊन जा. गावाबाहेर नेऊन जाळलं. आता मी पीडा झाली. पीडा परत घरात शिरली तं ज्याच्या घरात शिरंन त्याचं वाटोळं होईन. माह्यी पोरगी गेली. दुसऱ्याची माह्या पायानं नाही जावाले पायजे."

मी खूप समजावलं. रुपरावने समजावलं. पण जी बाई मनापासून मारबतीवर विश्वास ठेवून लेकीची ओढणी देते, तिला त्याच मारबतीची अर्धीच गोष्ट खरी मान असं कसं सांगणार? पोरांनी थट्टा केली होती. ज्या देवीपुढे केली ती गोपिकाची खरी देवी होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पावसाळा संपता संपता करिष्माला ताप आला. डेंग्यूच निघाला. कूलर त्यांच्या घरचा की शेजारचा, ते पुन्हा देव जाणे. या वेळी मात्र ताप उतरला तरी कौसल्याने तिला घरी ठेवलं नाही, थेट दवाखान्यात नेलं. गोपिकाने पढवलेलं तेवढं तरी डोक्यात राहिलं होतं. करिष्माचे प्लेटलेट खाली खाली जात होते तेव्हा मोहित गोपिकाच्या गेटवर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. ऐकलं नसतं तर मी शोभा कसली.

"काकू, घरी चला," तो म्हणाला. "कूलर पाहा, टाकी पाहा, जे पाहाचं ते पाहा. आई लय रडून राहिली. माफ करा मले. मजाक होती काकू."

"तुह्यासाठी मजाक होती बेटा," गोपिका म्हणाली. "मारबतीले मजाक समजते का?"

तो रडायला लागला. ती पायरी उतरून गेटपर्यंत आली आणि गजांमधून हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवला. मग म्हणाली, "तुह्या घरात मी नाही येत. पण रस्त्यावर येतो. तू पाणी काढ, कटोरीत घे, मले बाहेर आणून दाखव. जाय, पोरीजवळ जाय आधी."

करिष्मा वाचली. केस गळले, महिनाभर भिंत धरून चालत होती, पण वाचली. आणि गोपिकाचा रविवार पुन्हा सुरू झाला, तो असा, रस्त्यावरून. आता प्रत्येक घरचा माणूस स्वतः कूलर उपसतो, स्वतः कटोरी भरून आणतो. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा काम चोख होतं. लेआउटवाले तिला आत बोलावून थकले. संक्रांतीचं वाण तिला गेटवरून द्यावं लागतं. माझ्या घरी पूर्वी दिवसातून दोनदा यायची, चक्कीच्या पोत्यावर बसून चहा प्यायची. आता मी कप गेटवर आणून देते. पिऊन झाला की कप भिंतीवर ठेवते. मला तिचा राग येतो, लोकांचा येतो, आणि रिकामं पोतं बघून रडू येतं.

या उन्हाळ्यात करिष्माचं लग्न ठरलं. हळद घरीच होती. कौसल्या स्वतः गोपिकाच्या पाया पडून आमंत्रण देऊन आली. गोपिका आली, पण मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, निंबाच्या सावलीत उभी राहिली. हातात साडीचा पुडा होता. बायका हळद लावत होत्या, आणि करिष्मा मान वळवून वळवून रस्त्याकडे बघत होती. मग ती उठली. तोंडाला, हातांना हळद, तशीच मांडवातून बाहेर निघाली.

"हळदीच्या अंगानं बाहेर नाही जात वं!" कौसल्या ओरडली. करिष्माने ऐकलं नाही.

ती पुढे आली तशी गोपिका मागे सरकली. करिष्मा आणखी पुढे आली, ही आणखी मागे. शेवटी पाठ विजेच्या खांबाला लागली. करिष्मा थांबली. दोघींमध्ये हातभर रस्ता होता. "मावशी, एकडाव घरात ये नं," करिष्मा म्हणाली. दामिनी असती तर आज ती सगळ्यांत जास्त नाचली असती. हे मांडवातल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

गोपिकाने साडीचा पुडा खांबाच्या ओट्यावर ठेवला, स्वतःच्या हाताने तिच्या हातात दिला नाही. मग डोळे पुसले आणि नेहमीसारखा चष्मा वर सरकवला.

"सासरी कूलर हाय नं?" तिने विचारलं.

करिष्माने मान हलवली.

"दर इतवारी पाणी काढजो, बेटा. सासू म्हणो का नको म्हणो. बरसातीत भुलू नको."

एवढं बोलून ती खांबाला वळसा घालून घरी निघून गेली. करिष्मा पुडा छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिली. मी जाऊन तिला धरून आत आणलं. पुड्याच्या कागदावर तिच्या हाताची हळद लागली होती.